आजीचा आवाज आणि रुसलेला कार्ड रीडर

(या भागाचं हे लिखित रूप. बोलता बोलता घसरलेली काही वाक्यं सरळ केलीत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आज किल्ले नाहीत, तहनामे नाहीत, पेशव्यांची पत्रंही नाहीत. आजचा इतिहास नखाएवढ्या एका वस्तूचा आहे. ती वस्तू गेल्या महिन्यात माझ्या मामाने माझ्या हातावर ठेवली. दोन जीबीचं मायक्रो एसडी कार्ड, काळं, कडेला थोडं झिजलेलं.

मामा म्हणाला, "यात आईचा आवाज आहे. बहात्तरच्या दुष्काळाचं सगळं सांगितलंय तिने. तू ते इतिहासाचं काहीतरी करतोस ना, बघ तुला काही निघतंय का."

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मामाकडे पूर्वी बटणांचा फोन होता, त्यात त्याने हे रेकॉर्डिंग केलं होतं. फोन कधीच बंद पडला, कार्ड मात्र देव्हाऱ्याच्या खणात कापराच्या डबीत राहिलं. १९७२चा दुष्काळ पुस्तकांत भरपूर सापडतो. पण खडी फोडायला गेलेल्या एका बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं, तेही आपल्याच आजीने, हे कुठल्या ग्रंथालयात मिळणार?

मी कार्ड घेऊन घरी आलो. माझ्या फोनला कार्डाची जागाच नाही. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांच्या नसेल. मग बाबांचा जुना डेस्कटॉप चालू केला. त्याच्या पुढच्या बाजूला एक कार्ड रीडर आहे, चार वेगवेगळ्या खाचांचा. मायक्रो एसडी कार्ड मोठ्या अडॅप्टरमध्ये घातलं, अडॅप्टर खाचेत सरकवला. आवाज आला, ड्राइव्ह दिसला. आत फोल्डर, फोल्डरमध्ये फाइल, आकार साधारण साडेतीन एमबी. म्हटलं, झालं काम! कॉपी केली तर हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत गेली आणि थांबली. मग ड्राइव्हच गायब. पुन्हा घातलं तर संगणकाने शांतपणे विचारलं: ही डिस्क वापरण्याआधी फॉर्मॅट करावी लागेल, करू का?

मंडळी, आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. त्या प्रश्नाला "हो" म्हणायचं नाही. का, ते पुढे येईलच.

प्रश्न पहिला: एवढ्या खाचा कशाला?

तो रीडर जिथे बसवलाय ती जागा मुळात फ्लॉपीची. साडेतीन इंची फ्लॉपी गेली आणि २०००नंतरच्या दशकात त्याच चौकोनात कार्ड रीडर येऊन बसला. जुन्या वाड्यात भाडेकरू बदलावा तसा. आणि खाचा चार, कारण कार्डं एका जातीची नव्हतीच.

१९९४ साली सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश आणलं. जाडजूड कार्ड, ५० भोकांचं. रीडरच्या आत ५० बारीक पिना असायच्या. घाईत तिरकं कार्ड घुसवलं की एखादी पीन वाकायची आणि रीडर कायमचा लंगडा. १९९५मध्ये तोशिबाचं स्मार्टमीडिया आलं, जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी. १९९७मध्ये सॅनडिस्क आणि सीमेन्सचं मल्टिमीडिया कार्ड. १९९८मध्ये सोनीने आपली वेगळी चूल मांडली, मेमरी स्टिक. १९९९मध्ये सॅनडिस्क, तोशिबा आणि मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासॉनिक, या तिघांनी मिळून एसडी कार्ड जाहीर केलं. २००२मध्ये ऑलिंपस आणि फुजीफिल्मचं एक्सडी. प्रत्येकाचा आकार वेगळा, बोलण्याची रीत वेगळी. कॅमेरा एका कंपनीचा, फोन दुसऱ्या कंपनीचा, मग घरातल्या संगणकाने करायचं काय? म्हणून हा सगळ्यांना तोंड देणारा रीडर.

यातल्या स्मार्टमीडियाची गंमत सांगतो, कारण रीडर "भरवशाचा नाही" ही तक्रार कुठून सुरू झाली ते त्यातून कळतं. त्या कार्डाच्या आत फक्त साठवणारी चिप होती. तिचा कारभार बघणारा कंट्रोलर कार्डात नव्हताच, तो रीडरमध्ये किंवा कॅमेऱ्यात असायचा. म्हणजे जास्त क्षमतेचं नवं कार्ड बाजारात आलं की जुन्या रीडरला ते कळायचंच नाही. त्यात काही कार्डं ५ व्होल्टची, काही ३.३ व्होल्टची. एसडीने तो कारभारी कार्डाच्या आत बसवला. सगळा हिशोब कार्ड स्वतः ठेवतं, रीडर फक्त विचारतो, "अमुक नंबरच्या खोलीत काय आहे?"

पण तिथेही मेख होतीच. सुरुवातीच्या एसडी कार्डात पत्ता बाइटने मोजायचे, म्हणजे गावातल्या प्रत्येक माणसाला एक नंबर. नंबर संपत आले. २००६मध्ये एसडीएचसी आलं आणि पत्ता ५१२ बाइटच्या ठोकळ्याने मोजायला लागले, म्हणजे माणसाला नाही, घराला नंबर. त्यामुळे क्षमता ३२ जीबीपर्यंत गेली. पण बाहेरून कार्ड अगदी तसंच दिसतं! जुना रीडर, नवं कार्ड, आकार फिट, आणि तरी काहीच दिसत नाही. त्या काळात कित्येक धडधाकट कार्डं "खराब" म्हणून दुकानात परत गेली असतील. मग २००९मध्ये एसडीएक्ससी, २ टीबीपर्यंत, आणि त्यावर एक्सफॅट नावाची नवी मांडणी. ती विंडोज एक्सपीला वेगळा अपडेट टाकल्याशिवाय समजायची नाही.

माझं कार्ड दोन जीबीचं, म्हणजे जुन्याच पिढीतलं. माझा रीडर त्याच्यापेक्षा नवा. तेव्हा हा संशय मी खोडून टाकला.

प्रश्न दुसरा: चोर कोण, कार्ड की रीडर?

इतिहासात आपण काय करतो? एका बखरीवर विश्वास ठेवत नाही, दुसरं साधन शोधतो, ताडून बघतो. इथेही तेच. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर कशामुळे झालं ते कधीच कळत नाही.

आधी दुसरं कार्ड त्याच रीडरमध्ये घातलं, माझं कॅमेऱ्याचं, चांगलं चालणारं. मोठा व्हिडिओ कॉपी करायला लावला. मिनिटभराने तेही गायब! म्हणजे रीडर दोषी. मी खूश. आजीचं कार्ड ठणठणीत असणार.

डेस्कटॉपचं झाकण उघडलं. असा आतला रीडर हा खरं तर साधं यूएसबी उपकरणच असतो. त्याची वायर मदरबोर्डवरच्या ९ पिनांच्या एका खुंटीवर बसते. माझ्या रीडरची वायर अर्धी बाहेर आली होती. धूळ इतकी की बोटाने नाव लिहावं. वायर नीट दाबून बसवली, ब्रशने खाच साफ केली. कॅमेऱ्याचं कार्ड पुन्हा लावलं, व्हिडिओ पूर्ण कॉपी झाला. वा!

आजीचं कार्ड लावलं. दिसलं. कॉपी केलं. अर्ध्यावर थांबलं. पुन्हा तेच.

खरं सांगतो, तेव्हा पोटात गोळा आला. एक दोष सापडला म्हणजे तोच एकमेव, असं मी गृहीत धरलं होतं.

मग लग्नांचं शूटिंग करणारा माझा एक मित्र आहे, त्याला फोन लावला. त्याचं आयुष्य कार्डांवर चाललंय. तो म्हणाला, "आधी अडॅप्टर बदल. आणि त्या कार्डाला सारखंसारखं घालू-काढू नकोस, म्हातारं झालंय ते."

मायक्रो एसडीचा अडॅप्टर उघडून बघितलात तर आत काहीच नसतं. चिप नाही, बुद्धी नाही, नुसते तांब्याचे पट्टे इकडून तिकडे. २००४मध्ये सॅनडिस्कने ट्रान्सफ्लॅश नावाचं इवलंसं कार्ड फोनसाठी काढलं, २००५मध्ये त्यालाच मायक्रो एसडी नाव मिळालं. ते मोठ्या खाचेत बसावं म्हणून हा प्लास्टिकचा पूल. त्या पट्ट्यांची स्प्रिंग सैल झाली की संपर्क येतो-जातो, आणि आपण शिव्या मात्र रीडरला घालतो. अडॅप्टरच्या कडेला एक छोटी लॉकची पट्टी असते बघा. पुष्कळांना वाटतं तिने कार्ड आतून बंद होतं. तसं नाही. कार्डाला तिचा पत्ताच नसतो. रीडरच्या आतलं एक बटण ती पट्टी चाचपतं आणि संगणकाला सांगतं, यावर लिहू नका. ते बटण कचऱ्याने अडकलं तर न लॉक केलेलं कार्डही लॉक दिसतं. मी उलट मुद्दाम लॉक करून टाकलं. वाचताना चुकून काही लिहिलं जायला नको.

मित्राच्या बाहेरच्या रीडरमध्ये, त्याच्या नव्या अडॅप्टरने लावलं. आता ड्राइव्ह गायब होणं पूर्ण थांबलं. पण फाइल? त्याच जागी अडकली. रीडर वेगळा, अडॅप्टर वेगळा, संगणक वेगळा, आणि अडखळण्याची जागा तीच. आता साक्ष पक्की झाली. दोष दोन होते. एक रीडरच्या वायरीत, दुसरा कार्डाच्या आत.

प्रश्न तिसरा: कार्डाच्या आत नेमकं असतं काय?

इथे आपल्याला जपानला जावं लागेल.

फुजिओ मासुओका हे तोशिबातले अभियंते. त्याआधीची गोष्ट थोडक्यात अशी. १९६७मध्ये बेल लॅब्समध्ये डावॉन कांग आणि सायमन झी या दोघांनी एक कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरच्या आत चारही बाजूंनी इन्सुलेशन असलेला एक छोटा कप्पा ठेवायचा आणि त्यात इलेक्ट्रॉन कोंडायचे. वीज गेली तरी ते तिथेच. इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून शून्य की एक ते ओळखायचं. १९७१मध्ये इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोमन यांनी यातून पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप केली. पण पुसायला ती काढून अतिनील दिव्याखाली ठेवावी लागायची!

मासुओकांनी विचार केला, एकेक कप्पा वेगवेगळा पुसायचा हट्ट सोडू. मोठा भाग एका झटक्यात, विजेनेच पुसू. त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना हे पुसणं कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं, आणि नाव पडलं फ्लॅश मेमरी. १९८४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मासुओकांनी ती जगासमोर मांडली. १९८७मध्ये तिचा आणखी दाट आणि स्वस्त प्रकार, नँड फ्लॅश. तुमच्या फोनमध्ये आत्ता हा भाग ज्यात साठतोय, ती नँडच.

मासुओकांना काय मिळालं? १९९४मध्ये ते तोशिबा सोडून तोहोकू विद्यापीठात शिकवायला गेले. २००४मध्ये त्यांनी आपल्या वाट्याचा मोबदला मिळावा म्हणून तोशिबावर दावा लावला, मागणी १०० कोटी येनची. २००६मध्ये तडजोड झाली ८ कोटी ७० लाख येनवर. साऱ्या जगाच्या आठवणी ज्याच्या शोधात कोंडल्यात, त्याला स्वतःच्या कामाची नोंद लावून घ्यायला कोर्टात जावं लागलं.

आणि ज्या सॅनडिस्कचं नाव सारखं येतंय, ती १९८८मध्ये सुरू केली एली हरारी, जॅक युआन आणि संजय मेहरोत्रा या तिघांनी. मेहरोत्रा मूळचे कानपूरचे.

तर, ते कोंडलेले इलेक्ट्रॉन. भिंत कितीही चांगली असली तरी ते हळूहळू झिरपतात. वर्षानुवर्षं वीज न मिळता, उन्हाळ्याच्या उष्म्यात पडून राहिलेल्या कार्डात काही कप्पे असे रिकामे होतात की एक की शून्य तेच कळेनासं होतं. कार्डातला कारभारी गणित करून चूक सुधारायचा प्रयत्न करतो. जमलं नाही तर पुन्हा वाचतो, पुन्हा वाचतो, अडकतो. बाहेरून आपल्याला दिसतं, कॉपी थांबली.

म्हणजे कागदाला कसर लागते तशी याला गळती लागते. फरक एवढाच की कसर लागलेली पोथी बघून कळते. कार्ड मात्र बाहेरून जसंच्या तसं राहतं.

प्रश्न चौथा: फॉर्मॅट का नाही करायचं?

कार्डावर फाइल कुठे आहे याची यादी असते, तिचं नाव फॅट. ही मांडणी १९७७ची, मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडॉनल्ड यांनी केलेली, फ्लॉपीच्या जमान्यातली. म्हणजे फ्लॉपीच्या जागेत रीडर, आणि रीडरमधल्या कार्डावर फ्लॉपीचीच यादी! घर बदललं, वही तीच. ही यादी वाचता आली नाही की संगणकाला वाटतं कार्ड कोरं आहे, म्हणून तो फॉर्मॅटचं विचारतो. माझ्या बाबतीत संपर्क तुटत होता म्हणून यादी वाचता येत नव्हती, यादी जाग्यावरच होती. "हो" म्हटलं असतं तर तिच्यावर नवी कोरी यादी लिहिली गेली असती. आवाज कदाचित आतच राहिला असता, पण त्याचा पत्ता फाडून टाकलेला.

मग करायचं काय? कॉपी-पेस्ट सोडून द्यायचं. आम्ही लिनक्सवरचा जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम चालवला. तो फाइलींकडे बघतच नाही. पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत अख्ख्या कार्डाची प्रत काढतो. वाट अडली की तिथे रेंगाळत नाही. आधी जे सोपं ते सगळं गोळा करतो, अवघड जागांची नोंद ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे परततो. थकलेल्या कार्डाकडून आधी चांगलं ते काढून घ्यायचं, मग हट्ट करायचा. एकदा प्रत हातात आली की सगळे प्रयोग प्रतीवर. मूळ कार्डाला पुन्हा हात नाही.

रात्रभर चाललं. सकाळी बघितलं तर जवळपास अख्खं कार्ड आलं होतं. राहिला होता फक्त एक तुकडा, ३२ केबीचा.

३२ केबी म्हणजे काय हो? आजकालचा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा याहून मोठा असतो. पण ते रेकॉर्डिंग होतं एएमआर प्रकारातलं, जुन्या फोनचा काटकसरी प्रकार. एका सेकंदाला साधारण १.६ केबी. ३८ मिनिटांचं बोलणं साडेतीन एमबीत मावलं ते त्यामुळेच. आता भागाकार करा. ३२ केबी म्हणजे २० सेकंद.

हेडफोन लावून ऐकायला बसलो. आधी मामाचा आवाज, "आई, सांग आता, चालू झालंय." मग खोकला. मग आजी.

ती सांगते, पाऊस सलग दोन वर्षं रुसला, विहिरीला पाणी नाही, जनावरं सोडून दिली. रेशनवर लाल मिलो मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची. लेकरांना सुकडी मिळायची, तिचा वास अजून आठवतो म्हणते. पहाटे उठून खडी फोडायला जायचं, मुकादम हजेरी घ्यायचा. हाताला फोड यायचे, त्याला चिंध्या बांधायच्या. पुस्तकात आपण वाचतो की दुष्काळी कामांवर लाखो लोक होते, त्यातूनच पुढे रोजगार हमीचा १९७७चा कायदा आला. त्या लाखोंमधली एक बाई चिंध्या कशाच्या होत्या ते सांगते. लग्नातल्या लुगड्याच्या.

मग मामा विचारतो, "रोज किती मिळायचा गं तुम्हाला?"

आजी म्हणते, "रोज? आम्हा बायांना..." आणि तिथे खर्रर्र होतं. २० सेकंद काही नाही. नंतर ती म्हणते, "...म्हणून मी तवापासून कुणाचं उसनं ठेवलं नाही."

मधलं गेलं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जो आकडा सगळ्यात आधी हवा असतो, नेमका तोच. मामाला विचारलं तर तो एक आकडा सांगतो, मावशी दुसराच सांगते, आणि दोघांनाही खात्री आहे. मी वहीत दोन्ही लिहून ठेवलेत, पुढे "ऐकीव" असं लिहून. आजीच्या आवाजात मी कुठलाच आकडा भरणार नाही.

त्या ३८ मिनिटांच्या आता तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक मामाकडे, एक वेगळ्या गावी मावशीकडे. वर्षातून एकदा तिघांनी उघडून ऐकायचं ठरलंय. मावशीने तारीखही ठरवून टाकली, आजीच्या श्राद्धाचा दिवस.

आता तुमच्यासाठी काम. घरात एखादं जुनं कार्ड असेलच. मोबाइलच्या दुकानात गाणी भरून आणलेलं, बारशाचे फोटो असलेलं, कुणाचं तरी बोलणं असलेलं. या रविवारी ते शोधा. रीडर रुसला तर चिडू नका. आधी अडॅप्टर बदला, मग यूएसबीची जागा बदला, शक्य तर मागच्या बाजूची. मग दुसरा रीडर, मग दुसरा संगणक. एका वेळी एकच बदल, आणि काय केलं ते कागदावर लिहा. फॉर्मॅट विचारलं तर "नाही". आणि वाचलं गेलं की त्याच दिवशी दोन प्रती. "नंतर करू" म्हणत मामाने कार्ड खणात ठेवलं होतं, त्या नंतरने आमचे २० सेकंद खाल्ले.

काय सापडलं ते मला नक्की कळवा. आजी-आजोबांचं बोलणं सापडलं, तर आधी घरच्यांना ऐकवा, मग मला.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि घरात कुणी जुनं काही सांगत असेल तर रेकॉर्डचं बटण दाबायला विसरू नका.